शिळ्या पाण्याची बादली

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे. माझी कडी दोनदा बदलली आहे आणि बूड घासून पांढरं पडलं आहे, तेव्हा रूपाबद्दल विचारू नका.

कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडले, ती बहिणींसकट एका शिंप्याच्या घरी आले. मी त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू. त्यांच्या बाहेरच्या खोलीत माशांची भिंतभर लांब टाकी होती. आत पाणवनस्पतींचं हिरवंगार रान आणि काकूंनी पिल्लांपासून वाढवलेले मासे. दर आठवड्याला निम्मं पाणी बदलावं लागे. काकू आदल्या संध्याकाळी आम्हाला भरून ओळीने ठेवत. काका घाई करू लागले की म्हणत, "माशांना शिळंच पाणी मानवतं हो!"

मग काकू गेल्या. काका एकटेच आम्हाला उचलू लागले. शिवणयंत्रावर वाकून त्यांची कंबर आधीच कामातून गेली होती. एकदा मला हातात धरूनच ते भिंतीला टेकले आणि कण्हले. त्यांच्या लेकीने ते पाहिलं.

ती लांबलचक नळी घेऊन आली. एक टोक नळाला, दुसरं टाकीत.

"आता बादल्या बंद, बाबा. तुम्ही नुसतं बसून बघा."

"अगं, पण तुझी आई पाणी रात्रभर ठेवायची."

"सवय हो तिची! पाणी ते पाणी."

काका टाकीसमोर स्टुलावर जाऊन बसले. तिने आम्हाला एकीत एक घालून कोपऱ्यात ठेवलं. चहा होईपर्यंत टाकी भरली. खरं सांगते, त्या सडपातळ नळीचा मला हेवा वाटला.

मित्रांनो, नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. रात्रभर उघडं ठेवलं की ते उडून जातं. काकूंना हे कुणी शिकवलं होतं, की अनुभवानेच कळलं होतं, कोण जाणे. संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सकाळी सगळे उलटे तरंगत होते. लेकीने एकेक मासा काढून माझ्यात ठेवला. मला फार रडू आलं, पण बादलीला डोळे कुठले?

"तुमची कंबर वाचवायला गेले हो बाबा," ती हुंदके देत म्हणाली.

"माहीत आहे गं बाळा."

"आपण नवीन आणू."

"नको. ते तिच्या हातचे होते."

आपल्या माणसाचं ओझं जरूर हलकं करा, मित्रांनो. पण आधी एकदा त्याच्याबरोबर ते उचलून बघा आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्या.

काका अजूनही रोज टाकीसमोर स्टुलावर बसतात. झाडं छान वाढली आहेत. आत कुणी नाही.