कुंकवातलं बियाणं

विश्रांतवाडीपलीकडच्या रानात जत्रा भरली होती. निम्म्या रानावर कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या होत्या. उरलेल्या रानात भेंडी होती आणि यंदा ती शिरांपासून पिवळी पडली होती. हिरवा राहिला तो फक्त मच्छिंद्र महाराजांचा तुकडा. लोक त्याच्यापुढे नारळ फोडत होते.

"देवीच्या कुंकवातलं बी हाय हे," महाराज परडीतले लाल दाणे दाखवत म्हणाले. "करणी शिवत नाय त्याला. तुमच्या रानात कुणाचा हात फिरला, ते बघा."

हात कुणाचा, हे त्यांनी आधीच कानोकानी पसरवलं होतं. विधवा सरुबाई सगळ्यांच्या भेंडीची तोडणी करायची. तिचा रस्त्याकडेचा तुकडा महाराजांना मठासाठी हवा होता आणि ती देत नव्हती. पण एवढा साधा हिशेब कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

दीपमाला कृषी महाविद्यालयात भेंडीच्या वाणांवर काम करायची. आरडाओरडा ऐकून ती धावली, तेव्हा लोकांनी सरुबाईला केसांना धरून बांधावरून फरफटत आणलं होतं. तिचा हात कोपरातून मोडून लोंबत होता. काठी उगारून उभा होता दीपमालाचाच बाप, कोंडीराम.

दीपमाला मध्ये पडली. काठी तिच्या खांद्यावर बसली. कळ मस्तकात गेली, तरी तिनं महाराजांची परडी हिसकावली आणि मूठभर दाणे बापाच्या नाकाशी धरले.

"अण्णा, कुंकवाला औषधाचा वास कधीपासून यायला लागला?"

कोंडीरामनं हुंगलं. बियाण्याच्या दुकानातला तो वास त्याला चांगला ठाऊक होता.

"दुकानातलं बी आहे हे, बुरशीचं लाल औषध चोळलेलं," ती म्हणाली. "रोग विषाणूचा आहे, पांढरी माशी तो पसरवते. रानभेंडीशी संकर करून ह्या वाणात रोगाला दाद न देण्याचा गुण आणलाय. तुम्ही पिढ्यान् पिढ्या घरचंच बी धरता, त्यात तो गुण नाही."

"पुस्तकं वाचून देवी कळती व्हय?" महाराज हसले.

"मग तुमच्याच तुकड्यात चला."

हिरव्या भेंडीत मधोमध दोन झाडं पिवळीधमक उभी होती.

"ही गेल्या साली गळालेल्या घरच्या बियांची. आपोआप उगवलीत. पानं ओळखा, तुमच्या रानातल्यासारखीच आहेत. माती तीच, महाराज तेच. मग देवीनं ह्यांनाच वाळीत का टाकलं?"

गर्दीनं पानं चाचपली आणि मग ती महाराजांवर तुटून पडली. दगड लागून त्यांचं कपाळ फुटलं, ते रक्तानं माखले.

"सोडा त्याला," सरुबाई कण्हत म्हणाली. "मला पोलिसांत न्या. त्याचं नाव सांगते, आन् मला ज्यांनी मारलं त्यांचीबी."

सगळे हात खाली आले. कोंडीराम लेकीकडे बघत पुटपुटला, "दीपे, माझं तेवढं नाव घेऊ नको म्हणावं तिला."

दीपमालाला रडू आवरेना. तिनं सरुबाईला उठवून उभं केलं.

पीक पिवळं पडलं तर पान उलटून माशी बघावी, बियाण्याची जात विचारावी. त्यात कुणाचं रक्त सांडत नाही. हे न करता जो काठी उचलतो तो गुन्हेगार, मग तो कुणाचाही बाप असो.

"मावशी," दीपमाला म्हणाली, "पहिलं नाव अण्णांचं सांगा."