गाडीचं पाणी

गुलाबभाऊंच्या जुन्या फियाटला विहिरीचंच पाणी लागायचं, आणि तेही कुठल्याही विहिरीचं नाही. कोरपन्याकडच्या त्यांच्या गावात दारोदारी बोअर. पण हा गडी वनखात्याच्या बंद पडलेल्या नर्सरीतल्या विहिरीवर सायकलने जायचा, पाणी शेंदायचा, फडक्याने गाळून कॅन भरून आणायचा. गाव हसायचं. हसेना का! एसटीत उभा जन्म ड्रायव्हरी केलेला माणूस. रिटायर झाल्यावर भद्रावतीच्या एका साहेबाची गाडी हौसेने घेतलेली. जीव असणारच तिच्यावर.

विहीरही त्यांनी पारखून घेतली होती. तीन ठिकाणचं पाणी स्टीलच्या ताटल्यांत चुलीवर आटवून पाहिलं. तळ्याच्या पाण्याने गाळ सोडला, दारातल्या बोअरने जाड पांढरा थर. नर्सरीच्या विहिरीची ताटली तेवढी लख्ख.

"बोअरचं टाकलं तं रेडिएटर जाम होते," भाऊ खुशीत म्हणाले.

त्यांची बायको मनकर्णा चुलीत जाळ सारत होती. पांढरा थर बोटाने खरवडत ती म्हणाली, "अन् आपण तं हेच पिऊन राह्यलो ना?"

"माणसाचा रेडिएटर नाई जाम होत, बाई!"

दोघंही हसली. एवढ्यावर ते मिटलं.

एकदा मे महिन्यात बोअरची मोटर जळाली. घरात घोटभर पाणी नव्हतं, म्हणून मनकर्णाने कॅनमधून गिलास भरला. तर भाऊ केवढ्यांदा ओरडले! "काऊन हात लावला? गाडीचं आहे ते!" तिने मुकाट्याने गिलास कॅनमध्ये परत ओतला आणि शेजारून तांब्या मागून आणला. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या कॅनला तिने बोट लावलं नाही.

पुढे मनकर्णाचे गुडघे धरले. मग पाठ धरली, मग मान. वय झालं, दुसरं काय, असं म्हणत भाऊ रोज तेल चोळून द्यायचे. विहारात वंदनेला सगळ्या बाया खाली बसायच्या आणि ही भिंतीला टेकून उभी. यंदा ऑक्टोबरात तरी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या पायाने चालत जायचं, एवढीच तिची इच्छा होती. शेवटी भाऊंनी तिला कसंबसं फियाटच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि चंद्रपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. एक इंजेक्शन मारलं की झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

डॉक्टर एक्स-रे बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी कुठलं पिता?"

"दारातल्या बोअरचं, साहेब. चोवीस तास असते." भाऊंनी अभिमानाने सांगितलं.

"त्यात फ्लोराईड असणार. तपासून घ्या. त्याने हाडं ताठ झालीत. दुखणं कमी करू, पण ताठ झालेली हाडं पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. निदान यापुढे तरी ते पाणी बंद करा. जवळपास दुसरं चांगलं पाणी आहे?"

"आहे," भाऊ म्हणाले. इतक्या हळू की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

भाऊंनी परतीची वाट धरली. गडचांदूरच्या अलीकडे मनकर्णा म्हणाली, तहान लागली. भाऊंनी मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली, डिकीतून कॅन काढली, गिलास भरून तिच्यापुढे धरला.

"नको हो. गाडीचं आहे ना ते. रस्त्यात गरम झाली तं?"

"पी, मनकर्णा. पाया पडतो तुह्या."

तिला मान मागे टाकता येईना. भाऊंनी गिलास तिरपा करून घोट घोट पाजलं. तिने जिभेवर पाणी घोळवलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अगा माय! इतकं गोड होतं काय हो हे?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. भाऊ कॅन ठेवायच्या निमित्ताने गाडीमागे गेले, डिकीला धरून खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले.

मनकर्णाला मागे वळून पाहता येत नव्हतं. ती समोरच्या काचेकडे बघतच काळजीने विचारत राहिली, "काय झालं हो? गाडीले काही झालं काय?"