रावसाच्या ओढीने समुद्र पाहिलेली काठी

मित्रांनो, कोल्हापूरजवळ कळंब्यात खतिजाभाभींच्या घरी कधी गेलात, तर भिंतीवर दोन खिळ्यांच्या आधाराने आडवी ठेवलेली गळाची काठी तुम्हाला दिसेल. ती मी. माझा जन्म आजऱ्याकडच्या चिव्याच्या बेटातला. चिवा म्हणजे बारीक पण भरीव वेळू. खतिजाभाभींचे मालक मौलाली भांड्यांना कल्हई करीत. त्यांनी मला निवडून तोडले, सावलीत वाळवले आणि कल्हईच्या भट्टीवर शेकून माझे बाक काढले. शेंड्याला तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बांधून ते म्हणाले, "आता मासा घावला न्हाय, तर दोष माझा. काठीचा न्हाय." एवढे कौतुक पुढे कुणी केले नाही.

मौलालींचा जिवलग म्हणजे गडमुडशिंगीचा जोतीराम. त्याच्या म्हशी होत्या आणि तो सायकलवरून कोल्हापुरात दूध घाली. रविवारी दुपारी दोघे कळंबा तळ्याच्या काठी बसत आणि मी आळीपाळीने दोघांच्या हातात असे. जोतीरामला मासा लागला की मौलाली म्हणत, "काठी माझी हाय." मौलालींना लागला की जोतीराम म्हणे, "व्हय, पर गांडूळ माझं हाय." असे भांडत भांडत दोघांचे केस पिकत चालले.

एका उन्हाळ्यात रत्नागिरीकडचा एक आंबेवाला तळ्यावर हातपाय धुवायला आला आणि दोघांजवळ टेकला. आमची चिमूटभर मासळी पाहून तो हसला. म्हणाला, "रत्नागिरीच्या वर, उत्तरेच्या अंगाला या कधीतरी. रावस बघाल तर हे विसराल. आणि भाकस म्हणून एक मासा असतो. चपटा, वाळूत पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच कुशीला." दोघांनीही तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्या दिवशी तळ्यावरून उठताना ठरले, पुढच्या उन्हाळ्यात रावसाला जायचे.

बेत तर असा रंगला की काय सांगू! आंबा घाटाने एस.टी. धरायची, काठी टपावर बांधायची. भाकरी आणि तिखट चटणी खतिजाभाभी देणार, गांडुळांचा डबा आणि कणकेचा गोळा जोतीराम आणणार. पण उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराई म्हणजे मौलालींच्या दारात भांड्यांची रास. पुढच्या वर्षी म्हैस व्यायली. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि जोतीराम वैरणीसाठी दारोदार हिंडला. बेत लांबला की जोतीराम हसून म्हणे, "आसू दे लगा. समुद्र काय पळून जातोय व्हय?"

समुद्र पळाला नाही, मित्रांनो. जोतीरामची नजर मात्र जाऊ लागली. तंगूसावरचे तरंगते भेंड बुडले तरी त्याला दिसेना. सायकल दोनदा गटारात गेली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेलीही फार दिवस टिकणार नाही, असे बजावले. आता त्याला सगळे नळीतून पाहावे तसे दिसे, मध्ये थोडे आणि भोवती काळोख. तळ्यावर येऊन त्याने हे सांगितले आणि वर म्हणाला, "त्या भाकसाचं डोळं एका कुशीला तरी असत्यात. माझं कुठल्याच कुशीला ऱ्हाणार न्हाईत."

मौलाली हसले नाहीत. तंगूस गुंडाळत म्हणाले, "यंदा जायाचंच. लग्नाची भांडी गेली चुलीत."

मग त्यांनी जाण्याचा दिवस ठरवला, तो आयुष्यभराच्या तळ्याच्या हिशेबाने. उन्हाळा तापून पाणी पार खाली उतरले की मासा उरल्या पाण्यात गोळा होतो, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून मे सरत आल्यावर निघायचे ठरले. कंडक्टर मला पाहून म्हणाला, "पावणं, ही काठी काय देवाची सासनकाठी हाय?" जोतीराम म्हणाला, "व्हय की, आमचा द्येव समुद्रात हाय."

दोन गाड्या बदलून आम्ही किनाऱ्यावरच्या एका लहान गावात उतरलो. वाळूवर होड्या वर ओढलेल्या होत्या आणि माणसे त्यांवर झावळ्या घालत होती. एका म्हाताऱ्या कोळ्याने आम्हाला पाहून कपाळावर हात मारला. "आता आलात? वारा फिरला, पाऊस तोंडावर आला. होळीच्या सुमाराला यायचं होतं. आता होडी पाण्यात घालणार कोण?"

मौलाली मटकन वाळूत बसले. "माझ्यामुळं झालं हे. समुद्राला तळं समजलो मी." त्यांचा चेहरा मला बघवेना.

जोतीरामचे तिकडे लक्षच नव्हते. तो पाण्याकडे तोंड करून उभा होता. त्याच्या नळीत एका वेळी थोडेच मावे, म्हणून तो मान डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे सावकाश फिरवत होता. कितीतरी वेळ. मग हळूच म्हणाला, "मौला, हे सपतच न्हाय गा."

त्या म्हाताऱ्याला काय वाटले कोण जाणे. त्याने दोघांना खाडीच्या तोंडाशी खडकावर नेले. आमची कणीक लाटेत विरघळून गेली तेव्हा पोटभर हसला आणि आपल्या टोपलीतली कोळंबी गळाला लावून दिली. जोतीरामने मला दोन्ही हातांनी धरले होते. एकाएकी असा हिसका बसला की मी जन्मात वाकले नव्हते तेवढी वाकले. "रावस!" म्हातारा ओरडला. लाटेतून काहीतरी रुपेरी उसळले, तंगूस तटकन तुटला आणि मी मोकळी झाले. मासा गेला. पण जोतीराम खडकावर लहान पोरासारखा नाचत होता, "दिसला! मौला, मला दिसला!" मौलालींनी त्याला मिठी मारली आणि दोघे रडले. निघताना म्हातारा म्हणाला, "खारं पाणी लागलंय काठीला. तेल देत जा, नाहीतर तडकेल."

दोन वर्षांत जोतीरामची नजर पूर्ण गेली. तरी रविवार चुकला नाही. तो मला धरून बसे, मौलाली भेंडावर नजर ठेवून ओरडत, "वढ!" ऐंशी साल उलटल्यावर एका थंडीत मौलाली गेले. मी भिंतीवर गेले आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

मौलालींचा चाळिसावा दिवस झाल्यावर नातवाचा हात धरून जोतीराम आला. खतिजाभाभी म्हणाल्या, "जोतीभाऊ, काठी तुमीच घेऊन जावा. त्यांचीबी तीच विच्छा असंल."

त्याने मला चाचपले, गालाला लावले आणि परत दिली. "नगं भाभी. हितंच ऱ्हाऊ द्या. तेल द्यायच्या निमित्तानं तरी या दारात यीन."

तेव्हापासून तो येतो. अंगणात बसून चिंधीने मला तेल देतो आणि खतिजाभाभींशी मौलालींच्या गोष्टी बोलतो. मित्रांनो, वस्तू जपा, हे मी सांगेनच. पण ज्याच्याबरोबर कुठे जायचे ठरवले आहे, त्याच्याबरोबर याच उन्हाळ्यात जा. हाती काही लागले नाही तरी जा.

जोतीरामचा हात आता थरथरतो आणि माझा शेंडा दर वेळी कोरडाच राहतो. तो गेला की खतिजाभाभी गुपचूप चिंधी उचलतात आणि तेवढा शेंडा तेलाने पुसून घेतात. त्याला त्यांनी हे कधीच सांगितलेले नाही.