अध्यक्षपदापुरता दाखला

जीवन भोईरला बेचाळिसावं लागलं तरी बॅनरवर तो 'युवा नेते'च होता. गणपतीत, दिवाळीत, भाऊंच्या वाढदिवसाला वाघेखारच्या नाक्यावर बॅनर लागायचा. वरच्या ओळीत सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि खाली कोपऱ्यात गॉगल लावलेला जीवन. त्याच्याकडे दोन डंपर होते. अलिबागच्या आजूबाजूला मुंबईकरांचे बंगले उठत होते, तिथे त्याचा जांभा आणि खडी जायची. पण 'डंपरमालक' असं कुणी बॅनरवर लिहीत नाही.

सरपंचपदाची निवडणूक हिवाळ्यात होती. तालुक्याचं राजकारण बघणारे भाऊ अलिबागच्या ऑफिसात त्याला म्हणाले, "जीवन, आधी एखादं पद घे. बिनपदाचा माणूस फोटोत पाहुणा वाटतो."

गावात तेव्हा एकच पद रिकामं होतं: जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद. ते रिकामं होतं कारण ते कुणाला नको होतं. जीवन दुसऱ्याच दिवशी शाळेत गेला. मुख्याध्यापक रत्नपाल सर खिडकीत उभे राहून मोबाइलवर कसलीशी माहिती भरत होते. रेंज त्या एकाच खिडकीत यायची. चार वर्ग, दोन शिक्षक, वीस मुलं.

"अध्यक्ष पालकच लागतो, जीवनशेठ," सर म्हणाले. "ज्याचं मूल या शाळेत आहे असा."

"मी याच शाळेत शिकलो ना."

"तुम्ही शिकलात. मूल शिकत नाही."

जीवनची दोन्ही मुलं, आठवीतला प्रणय आणि तिसरीत गेलेली मृणाली, 'गोल्डन अँकर इंटरनॅशनल स्कूल'मध्ये होती. ही शाळा हायवेच्या कडेला एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन मजले चढवून उभी होती. संस्थापक दोनदा दुबईला जाऊन आले होते, त्यामुळे इंटरनॅशनल म्हणायला कुणाची हरकत नव्हती. सकाळी पावणेसातला पिवळी व्हॅन नाक्यावर यायची. गावातली निम्मी मुलं टाय लावून तिच्यात बसायची. शेजारच्या गावातून एक मुलगी आधीच बसून आलेली असायची. दुसरीतली मैत्री, रत्नपाल सरांची मुलगी.

घरी जीवनने विषय काढला तेव्हा त्याची बायको कल्पिता भाकऱ्या थापत होती.

"एकाला मराठी शाळेत घालायला लागेल," तो म्हणाला.

त्याची आई कमळ दारात बसून सुकटीतला कचरा निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पोराला हात लावू नको. पोरीला ने. तिचा काय, तिसरीच तं हाय." आठवीतला प्रणय चौथीपर्यंतच्या शाळेत बसणारच नव्हता, पण तिला ते सांगून ठेवायचं होतं.

"आणि व्हॅनपाशी बायकांना मी काय सांगू?" कल्पिताने विचारलं.

"सांग, आमचं तत्त्व आहे. मातृभाषा."

"कधीपासून?"

"सोमवारपासून," जीवन म्हणाला. त्याला यात विनोद दिसला नाही.

कल्पिता बारावीपर्यंत मराठीत शिकली होती. अँकरच्या पालकसभेत ती दोन तास ताठ बसायची, 'येस मॅम' एवढंच बोलायची आणि घरी आली की तिचं डोकं दुखायचं. तरी पोरीला तिथून काढायचं तिला पटत नव्हतं. आपल्याला जे आलं नाही ते पोरीला येईल, या एका आशेवर ती ते दोन तास काढत होती. पण घरात सासू आणि नवरा एका बाजूला झाले की निर्णय झालेलाच असायचा.

मृणालीला कुणी विचारलं नाही. तिनेच विचारलं, "तिथं बूट घालायला लागतात का?" नाही म्हटल्यावर तिची काही तक्रार उरली नाही.

प्रवेशाच्या दिवशी जीवनने ढोलताशा आणला. मृणालीच्या गळ्यात हार, बाजूला पांढऱ्या शर्टातला जीवन, मागे शाळेचे गळके पत्रे, असा फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, 'गावची शाळा, गावचा अभिमान'. दुपारपर्यंत त्याला दोनशे अंगठे आले. आठवड्याभरात पालकांची सभा झाली आणि तो बिनविरोध अध्यक्ष झाला. पुढच्या बॅनरवर त्याचा फोटो एक ओळ वर चढला.

आपल्या हातून नक्की काय झालं, ते जीवनला महिन्याभराने कळलं.

अँकरच्या प्रगतिपुस्तकात मृणालीबद्दल नेहमी 'शांत आणि शिस्तप्रिय' असं इंग्रजीत लिहून यायचं. ती शांत होती, कारण मॅडम काय म्हणतात ते तिला अर्धं कळत नव्हतं आणि विचारायचं कुठल्या भाषेत तेही कळत नव्हतं. मराठी शाळेत तिला सगळंच कळू लागलं. ती विचारायला लागली ती थांबेचना. समुद्राचं पाणी खारट तर पावसाचं का नाही? सात आठे छप्पन्न तर आठ साते पण छप्पन्न कसे? शाळेच्या नळाला पाणी का नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरांनी दिली. तिसऱ्याला ते म्हणाले, "ते अध्यक्षांना विचार."

ती रात्री ताटावर बसली की विचारायची. "पप्पा, नळाला पाणी कधी येणार? आम्ही पोरी शाळेशेजारच्या चंदाबाईंच्या घरी जातो शू करायला."

"येईल."

"कधी?"

"ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय."

"सर बोलले, अर्जावर अध्यक्षांची सही राहिलीय."

जीवन जेवता जेवता उठला आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच सही करून आला. नळाला आठ दिवसांत पाणी आलं. मग तिने पत्र्यांचं काढलं, मग सरांच्या जोडीच्या मॅडमचं. त्यांना मतदारयाद्यांच्या कामाला नेलं होतं आणि चारही वर्ग एका सरांपुढे बसत होते. घरात विरोधी पक्षनेता पाळल्यासारखं झालं. कमळ म्हणाली, "पोरगी हाय की वकील?" कल्पिता मात्र संध्याकाळी मृणालीच्या शेजारी बसायला लागली. पुस्तक मराठी होतं. तिला ते वाचता येत होतं, शिकवता येत होतं. अँकरच्या पुस्तकांना तिने कधी हात लावला नव्हता.

सप्टेंबरात समितीची सभा होती. निवडणूक जवळ आली होती, म्हणून जीवनने बाहेरचेही चार लोक बोलावले होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी आज ठराव मांडतोय. जे गुरुजी या शाळेत पगार घेतात, त्यांनी आपली मुलं याच शाळेत घालायला पाहिजेत. स्वतः हलवायाने आपली मिठाई खाल्ली पाहिजे."

टाळ्या पडल्या. सगळे रत्नपाल सरांकडे बघायला लागले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ठराव चांगला आहे," ते म्हणाले. "एक दुरुस्ती सुचवतो. शिक्षकांची आणि समितीच्या पदाधिकाऱ्यांची, सगळी मुलं. अध्यक्षांचा प्रणय आठवीत आहे. आपली शाळा चौथीपर्यंतच, पण तालुक्यात जिल्हा परिषदेचे आठवीचे वर्ग आहेत. सोमवारी मी मैत्रीला आणतो, तुम्ही प्रणयचा दाखला काढा."

जीवन पाणी प्यायला. मग तो म्हणाला, "तसा हा विषय धोरणात्मक आहे. घाई नको."

"हो. अभ्यास करायला पाहिजे," सर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एवढं एकमत त्या समितीत आधी कधी झालं नव्हतं.

मागच्या बाकावर चंदाबाई बसल्या होत्या. त्यांची नात मृणालीच्या वर्गात होती. मुलगा आणि सून उरणला कामाला, त्यामुळे सभेला त्याच यायच्या. त्या उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे शाळा आमच्यासाठी आणि समिती तुमच्यासाठी. व्हय ना? तसं लिवा मग."

तसं काही लिहिलं गेलं नाही. इतिवृत्तात 'विविध विषयांवर सखोल चर्चा होऊन चहापानानंतर सभा संपली' असं आलं.

लोक गेल्यावर जीवन सरांना म्हणाला, "सर, तुम्ही मला सगळ्यांसमोर अडकवलंत."

"मी पण अडकलो की," सर म्हणाले. "मी बायकोला दरवर्षी सांगतो, मैत्रीला आपल्या शाळेत आणू. ती म्हणते, तुम्हाला तिथे शिकवायला वेळ किती मिळतो ते मला माहीत आहे, म्हणूनच नको."

जीवनला यावर हसू आलं, पण सर हसत नव्हते.

हिवाळ्यात जीवन चौदा मतांनी सरपंच झाला. गुलाल उडाला, डीजे लागला. एप्रिलमध्ये परीक्षा संपली तशी त्याने कल्पिताला सांगितलं, "पोरीचा दाखला काढून ठेव. जूनपासून परत अँकर."

"का?"

"काम झालं ना आता. अलिबागच्या मीटिंगला सगळे सरपंच विचारतात, पोरं कुठल्या स्कूलला. मी काय सांगू, पत्र्याच्या शाळेत?"

"तत्त्व सांग," कल्पिता म्हणाली. पण ती पोरीला घेऊन त्याच्याबरोबर अँकरला गेली. मनातून तिलाही वाटत होतं की एक वर्ष गेलं ते पुरे, पोरीची इंग्रजी हातची जायला नको.

अँकरच्या प्रिन्सिपल मॅडमनी मृणालीला समोर बसवून इंग्रजीत पाच प्रश्न विचारले. तिला दोन आले. मॅडम कल्पिताकडे वळून भराभर बोलल्या. कल्पिताला त्यातलं 'रिपीट' आणि 'थर्ड' एवढं कळलं. जीवन मान डोलवत होता. त्याला तेवढंही कळलं नव्हतं.

"मॅडम, मराठीत सांगा," कल्पिता म्हणाली. त्या ऑफिसात ती इतकी वर्षं येत होती, पण 'येस मॅम'च्या पलीकडे आज पहिल्यांदा गेली.

मॅडमना मराठी उत्तम येत होतं. त्या पेणच्याच होत्या. "तिसरीत परत बसावं लागेल," त्या म्हणाल्या. "वर्षभरात तिचं सगळं मागे पडलंय. आता ती फार बोलतेसुद्धा. ती सवय आम्हाला मोडावी लागेल."

"तिला भागाकार येतो. अपूर्णांक येतात. तुमच्याकडे तिसरीत अपूर्णांक असतात का?"

"आमचा पॅटर्न वेगळा आहे."

"मॅडम," मृणाली मध्येच म्हणाली, "मला मराठीत विचाराल तर पाचही येतील."

मॅडम हसल्या आणि त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. जीवनने खिशातून पेन काढलं. कल्पिताने तो फॉर्म उचलून घडी घातला आणि पर्समध्ये ठेवला.

"घरी जाऊन भरते," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने तो भरला नाही. जीवन ओरडला, दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी नाक्यावर मिसळ खाऊन आला. कमळने सुनेला बोल लावले. कल्पिता एवढंच म्हणाली, "तुम्ही पोरीला घातलंत तेव्हा मला विचारलं नव्हतं. आता मी ठेवतेय. हवं तर प्रणयचं तुम्ही बघा." तिने दाखला काढायला जायचं नाकारलं, आणि जीवनची हिंमत झाली नाही, कारण दाखला मागायला रत्नपाल सरांपुढे उभं राहायला लागलं असतं. शिवाय शाळेचा पट एकविसाचा होता. एक-दोन मुलं गेली असती तर सरांच्या जोडीच्या मॅडमची जागाही गेली असती, आणि नव्या सरपंचाच्या पोरीमुळे गावची शाळा मोडकळीला आली असं पेपरात छापून यायला वेळ लागला नसता. मृणाली चौथीत तिथेच बसली. प्रणय अँकरमध्येच राहिला. त्याच्याबाबत कुणीच काही बघितलं नाही.

दिवाळीनंतर अलिबागच्या एका प्रतिष्ठानाने पत्र पाठवलं. लोकप्रतिनिधी असूनही मुलीला मराठी शाळेत शिकवल्याबद्दल जीवन भोईर यांना 'आदर्श पालक' पुरस्कार जाहीर झाला होता. जीवनने पत्र दोनदा वाचलं आणि नवीन जाकीट शिवायला टाकलं.

कार्यक्रमाला गावातून दोन गाड्या गेल्या. जीवनला शाल, नारळ आणि काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. तो माइकसमोर उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज खरोखर भरून आला होता.

"लोक मला म्हणाले, मुलीचं नुकसान करू नका," तो म्हणाला. "घरातूनसुद्धा विरोध होता. पण मी डगमगलो नाही. मी सांगितलं, माझी मुलगी माझ्या मातीतल्या शाळेतच शिकणार."

तिसऱ्या रांगेत कल्पिता बसली होती. मृणाली तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. कल्पिताला रागही आला आणि हसूही. नवऱ्याचं वाक्य खोटं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. फक्त ते दुसऱ्याचं होतं.

शेजारच्या खुर्चीत रत्नपाल सर होते. ते तिच्याकडे थोडं वाकून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, या पोरीकडे बघून मैत्रीलाही येत्या जूनला आणावं म्हणतोय."

"म्हणतोय नको, सर," कल्पिता तेवढ्याच हळू म्हणाली. "तारीख सांगा."

सरांनी स्टेजकडे पाहिलं आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला सुरुवात केली.