रामकिशनरावांचा गाण्यांचा प्लॉट

रामकिशनराव चौतीस वर्षं कृषी सहायक होते आणि त्या चौतीस वर्षांत त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता. पाऊस चुकला, भाव चुकले, बियाणं चुकलं, एकदा तर खात्याचं परिपत्रकच चुकलं. पण रामकिशनराव चुकले नाहीत. हा हिशेब त्यांचा स्वतःचा होता. कुरुंद्यातल्या दुसऱ्या कुणाला तो कधी विचारायची गरज त्यांना पडली नव्हती.

त्यामुळे त्यांची पुतणी साधना एका रविवारी वसमतहून आली आणि ओसरीवर बसून म्हणाली, “काका, एक गोष्ट कळंना झाली,” तेव्हा रामकिशनरावांनी चष्मा पुसला. कुणाला काही कळेनासं झालं की त्यांना बरं वाटत असे.

साधना वसमतला एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करी आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाकार्यात गाई. आवाज असा, की नवरदेवाचे मित्रसुद्धा पाच मिनिटं गप्प बसत. तिनं हौसेनं तीन गाणी रेकॉर्ड केली होती. नांदेडच्या एका म्युझिक कंपनीला ती आवडली, पण नव्या गायिकेचं एकच गाणं काढायचा त्यांचा नियम. ते चाललं तर पुढचं बोलू, नाही चाललं तर तुम्ही फोन करू नका, असं तिथल्या साहेबांनी अगदी हसतमुखानं सांगितलं होतं. पंधरा दिवसांत गाण्याचं नाव कळवायचं होतं.

“मग त्या साहेबालाच इचारायचं, कोणतं चालंल म्हणून.”

“इचारलं ना. ते म्हणले, आमी दहा काढतो, एक चालतं. कोणतं ते चालल्यावर कळतं.”

रामकिशनराव खरोखरच हादरले. “आन असे लोक कंपनी चालवून राहिले?”

“मंग तुमीच सांगा. मला एकच संधी हाय, काका. हे गेलं तर पुन्हा कोणी उभं करणार न्हाई.”

रामकिशनरावांनी तिन्ही गाणी ऐकली. पहिलं ‘हळद शिजली’: शेतात हळद शिजवायचा कुकर लागलाय, वाफ निघतेय आणि एक बाई त्या वाफेकडं बघत माहेराबद्दल बोलतेय. चाल संथ. दुसरं ‘टावरखाली ये’, ज्यात गावात रेंज फक्त मोबाइलच्या टावरखाली असल्यामुळं एक मुलगी एका मुलाला तिथंच भेटायला बोलावते. तिसरं ‘रिव्हर्सचा हॉर्न’. ट्रॅक्टर मागं येताना जे टीं टीं वाजतं, तेच त्याचं धृपद होतं.

पहिलं गाणं संपलं तेव्हा रामकिशनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी पिकांवरच्या फवारणीचा जुना त्रास म्हणून पुसून टाकलं.

“आपण प्लॉट टाकू,” ते म्हणाले.

“कशाचा?”

“गाण्यांचा. नवं वाण आलं की आमी तीन गावांत तीन प्लॉट टाकायचो. जमीन वेगळी, पाणी वेगळं, वाण तेच. जे तिन्हीकडं येतं ते खरं. कंपनीवाल्याला जे दहा गाण्यांत कळत न्हाई, ते मी तीन गाण्यांत आठ दिवसांत सांगतो. शंभर टक्के.”

तीन ठिकाणं ठरली. कुरुंद्यात चांगुणाबाईंची पिठाची गिरणी, औंढ्याला देवळाच्या वाटेवर मंजुषाचं बांगड्यांचं दुकान आणि वारंगा फाट्यावर जळबाचं चहाचं हॉटेल. तिन्हीकडं एकेक पेन ड्राइव्ह आणि त्यावर तीच गाणी. कुणी “पुन्हा लावा” म्हणालं की त्या गाण्यापुढं एक रेघ मारायची. प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी एक जुनं, साधं वाण बाजूला लावावं लागतं. म्हणून रामकिशनरावांनी चौथं गाणंही घातलं. ते त्यांनी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी एका मोहिमेसाठी गायलं होतं. विषय होता पेरणीआधीची बीजप्रक्रिया. त्यात बुरशीनाशकाचं प्रमाण किलोमागे ग्रॅममध्ये दिलेलं होतं, आणि ते यमकात बसवलेलं होतं.

रेघा मारायला खात्याचे जुने छापील फॉर्म वापरले. त्यांत अकरा रकाने होते. ‘जमिनीचा प्रकार’ या रकान्यात जळबानं ‘फरशी’ असं लिहिलं.

प्रयोगाआधी रामकिशनरावांनी आपला अंदाज एका कागदावर लिहून पाकिटात घातला आणि पाकीट डिंकानं चिकटवलं. अंदाजात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. कुरुंदा हळदीचं गाव, तिथं हळदीचं गाणं. औंढ्याच्या बांगड्यांच्या दुकानात तरुण पोरी येणार, तिथं टावरचं. वारंगा फाट्यावर सगळे ड्रायव्हर, तिथं हॉर्न. आणि तिन्हींची बेरीज केली की ‘हळद शिजली’ पुढं.

कुरुंद्याच्या गिरणीत ते पहिल्या दिवशी जातीनं रजिस्टर घेऊन बसले. बाकी दोन ठिकाणी प्रयोगाला हात लावायचा नाही, हे पथ्य त्यांनी पाळलं.

आठ दिवसांनी फॉर्म गोळा झाले. साधनासमोर पाकीट फोडलं आणि आकडे मांडले. वारंगा फाट्याच्या ड्रायव्हरांनी हॉर्नला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांनी ‘हळद शिजली’ एकेचाळीस वेळा लावायला सांगितलं होतं. औंढ्याच्या बांगड्यांच्या दुकानात रिव्हर्सच्या हॉर्नच्या रेघा कागद भरून मागच्या बाजूला गेल्या होत्या. आणि सबंध पंचक्रोशी पिवळी करणाऱ्या कुरुंद्यात हळदीच्या गाण्यापुढं एकही रेघ नव्हती. तिथं सगळ्या बाया टावरखाली गेल्या होत्या.

“म्हंजे तिन्हीकडं तीन वेगळी,” साधना म्हणाली. “मंग आता मी काय कळवू?”

“कुठंतरी भेसळ झाली,” रामकिशनराव म्हणाले आणि मोटारसायकल काढली.

रोग पसरला की पहिलं झाड शोधायचं असतं. जळबाला पहिलं झाड नीट आठवत होतं.

“पयल्या दिवशी तिकडल्या तेलंगणाचा एक डायवर आला,” तो बशी पुसत म्हणाला. “मराठीचं एक अक्षर येत न्हाई. ते हळदीचं गाणं लागलं तसे यानं डोळे मिटले. चहा थंडा झाला तरी उघडंना. बाकीचे डायवर बी पाहून राहिले, की येवढं काय हाय या गाण्यात. एकानं म्हणलं, पुन्हा लाव. मंग तो बी डोळे मिटून बसला. दुसऱ्या दिवसापासून जो येतो तो म्हणतो, ते डोळे मिटायचं गाणं लाव.”

“म्हणजे त्या माणसाला भाषा न येता सूर पोचला,” रामकिशनराव गहिवरून म्हणाले.

“सूर कशाचा, साहेब? दोन दिवस झोप न्हवती त्याला. घोरत होता तो.”

रामकिशनरावांनी हे लिहून घेतलं आणि औंढ्याला गेले. मंजुषा एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. बाईंचा हात गुबगुबीत, बांगडी लहान. बाई दात आवळून बसल्या होत्या. गाण्यात टीं टीं झालं, बाई दचकल्या, हात ढिला पडला आणि बांगडी सरकन मनगटात गेली.

“पाहिलं का?” मंजुषा म्हणाली. “पयल्याच दिवशी हे ध्यानात आलं माझ्या. तवापासून एक बांगडी फुटली न्हाई. आता बाया दारातूनच म्हणतात, हॉर्न लावल्याबिगर हात देणार न्हाई.”

“पण गाणं कसं वाटतं तुमाला?”

“गाणं?” मंजुषानं विचार केला. “ते कुठं ऐकलं मी अजून!”

कुरुंद्याला परत येईतो रामकिशनरावांच्या आत्मविश्वासाला थोडी धूळ लागली होती, पण ती मोटारसायकलीची असेल असं त्यांनी धरलं. गिरणीचा पट्टा थांबला होता. चांगुणाबाई डोक्यावरचं पीठ झटकत होत्या. कुरुंद्यात कुठली गोष्ट चांगली आणि कुठली टाकाऊ, हे या गिरणीत ठरतं आणि दळणाच्या डब्यांबरोबर घरोघर जातं.

“चांगुणाबाई, हळदीच्या गाण्याला एकबी रेघ काहून न्हाई?”

“तुमच्यामुळं.”

“माझ्यामुळं?”

“तुमी पयल्या दिवशी समोर बसले होते ना रजिस्टर घेऊन. ते गाणं लागलं आन तुमची मान डोलायला लागली. मी म्हणलं, रामकिशन भाऊला आवडलं, म्हंजे गेलं हे. बंद करा.”

“ह्याला काय अर्थ हाय?”

“आता राग नका धरू. तुमी ते लाल सोयाबीन आणलं होतं, आठवतं का? ते गेलं. मंग शेवगा म्हणले. शेवगा गेला. शेळ्या म्हणले, त्या तर आल्या तशाच गेल्या. तुमी बोट दाखवलं की गाव दुसरीकडं पळतं, चौतीस वर्षं झाली. लई फायदा झाला बघा गावाचा.” चांगुणाबाईंच्या स्वरात खरोखरच कृतज्ञता होती. “तुमाला म्हाईत न्हवतं का?”

रामकिशनरावांना माहीत नव्हतं. ते गिरणीच्या पायरीवर थोडा वेळ बसले. आयुष्यभराची गोष्ट एकदम कळली की माणसाला जरा टेकावं लागतं.

संध्याकाळी साधना आली तेव्हा त्यांनी सगळे फॉर्म खाटेवर पसरले होते. आवाज मात्र पूर्वीइतकाच खणखणीत होता.

“प्रयोग यशस्वी झाला,” ते म्हणाले.

“कोणतं निघालं?”

“ऐक. माझं बीजप्रक्रियेचं गाणं. गिरणीत शून्य. बांगड्यांत शून्य. जळबाकडं एक रेघ दिसत होती, पण तो चहाचा डाग निघाला. तिन्ही गावं, तिन्ही जमिनी, एकच निकाल. याचा अर्थ, न चालणारं गाणं कोणतं ते मी शंभर टक्के सांगू शकतो. कंपनीवाल्याला तेबी येत नसंल.”

“आन चालणारं?”

“त्याचं असं हाय पोरी, की पयलं माणूस कोण भेटतं त्याच्यावर सगळं. एक झोपला, एक दचकली, एकीनं माझ्याकडं पाहिलं. उद्या पुन्हा प्लॉट टाकला तर चौथंच काही येईल. पण माझ्या गाण्यासमोर तो डायवर बसला असता ना, तर उठून गेला असता. तुझ्या गाण्यासमोर झोपला. उगवणशक्ती तिन्हींची बराबर हाय. कोणतंबी पेर.”

साधना हसली नाही. तिला कळवायला चारच दिवस उरले होते. ती फॉर्म उलटसुलट करू लागली.

“मागच्या महिन्यात सेनगावला एका लग्नात होते, काका. एकच गाणं मला अकरा वेळा म्हणायला लावलं. अकराव्या वेळेला मला त्या नवरदेवाचाच राग आला. त्याचा काही दोष न्हवता.” तिनं फॉर्म खाली ठेवले. “मी आतापर्यंत येवढाच विचार करून राहिले होते, की न्हाई चाललं तर काय. पण चाललं तर? मंग तेच जन्मभर म्हणावं लागणार. साठीची झाले तरी लोक म्हणतील, बाई, टीं टीं करा. न्हाईतर सासू समोर बसलेली आन मी म्हणून राहिले, टावरखाली ये.”

“मग?”

“‘हळद शिजली’ मला कितीबी वेळा चालंल. रेकॉर्डिंगला सतरा वेळा म्हणलं, तर अठराव्या वेळेला मलाच पुन्हा म्हणावं वाटत होतं.” तिनं तिथंच फोन काढला, नांदेडला नाव कळवलं आणि फोन पालथा ठेवला. “झालं. आता पुढं तुमचा तो झोपलेला डायवर जाणे.”

रामकिशनरावांना आनंद झाला, पण तो टिकला नाही. कारण त्यांना आवडलेलं गाणंच निवडलं गेलं होतं आणि कुरुंद्याचा इतिहास त्यांना आता तोंडपाठ होता.

गाणं मार्चमध्ये एका शुक्रवारी निघालं. त्या दिवशी रामकिशनरावांनी घरात दोन डबे पीठ असताना ज्वारीचं दळण घेतलं आणि गिरणी गाठली. आत सात-आठ बाया नंबर लावून बसल्या होत्या. शिवारात जिकडंतिकडं कुकर लागलेले, त्यामुळं बायांच्या लुगड्यांनासुद्धा शिजलेल्या हळदीचा वास होता.

“साधनाचं गाणं निघालं म्हणं आज,” चांगुणाबाई म्हणाल्या. “कोणतं?”

“ते हळदीचं.”

“जे मी बंद केलं होतं?”

“तेच.”

गिरणीतल्या सगळ्या बाया त्यांच्याकडं बघायला लागल्या. चांगुणाबाईंनी विचारलं, “मग? कसं हाय? तुमाला तर लई आवडलं होतं.”

चौतीस वर्षांत रामकिशनरावांनी एकाही प्लॉटात हेराफेरी केली नव्हती. निकाल जसा आला तसा लिहिला होता, आणि त्यासाठी दोनदा साहेबांची बोलणी खाल्ली होती. त्यांनी दळणाचा डबा खाली ठेवला आणि घसा साफ केला.

“तवा आवडलं होतं,” ते म्हणाले. “नंतर शांतपणे ऐकलं. काही दम न्हाई. पुतणी असली म्हणून काय झालं, खरं ते बोलावं माणसानं. तुमी बंद केलं ते बराबर केलं.”

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग हात पदराला पुसून फोन उचलला.

“असं व्हय,” त्या म्हणाल्या. “थांबा गं, लावून तर पाहू.”

पट्टा थांबला. सूर सुरू झाला, वाफ निघाली, आणि साधना माहेराबद्दल बोलायला लागली. कोपऱ्यातली एक म्हातारी पुढं सरकली. कडवं संपायच्या आत कुणीतरी म्हणालं, “पुन्हा लाव चांगुणा, पयल्यापासून.”

रामकिशनराव चेहऱ्यावर सरकारी नापसंती ठेवून गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी नळीकडं बघत बसले होते. मान त्यांनी लोखंडासारखी ताठ धरली होती. पायाचा अंगठा मात्र चपलेत हलायला लागला, तेव्हा त्यांनी हळूच दळणाचा डबा पुढं ओढला आणि पाय त्याच्या मागं घेतला.