चिठ्ठीत होतं, पानावर नव्हतं

मी बोलतेय खरी, पण तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी वेबसाइटच्या एका पानाआड दडलेली कोडची चिठ्ठी. माणसांसाठी नव्हे, इंटरनेटवर पानं शोधून देणाऱ्या शोधयंत्रासाठी लिहिलेली. "या पानावर व्हिडिओ आहे, त्याचं चित्र हे, लांबी सहा मिनिटं," एवढं मी त्याला सांगते. त्याला पटलं, तर शोधाच्या यादीत नुसत्या नावाशेजारी व्हिडिओचं चित्रही झळकतं.

मला लिहिलं दादाने. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. हात कायम तेलकट, म्हणून एकाच बोटाने टाइप करायचा. धागा सारखा तुटत असेल तर घरी काय करायचं, हे त्याने व्हिडिओत शिकवलं होतं. यादीतलं चित्र पाहून कुठकुठले लोक पानावर यायचे.

मग दादा गेला. तीन दिवसांचा ताप, बस्स.

धाकट्या भावाला तो आवाज ऐकवेना. तिरीमिरीत त्याने पानावरून व्हिडिओ काढून टाकला. मी मात्र आतच राहिले.

थोड्याच दिवसांत यादीतलं चित्रही गेलं. तेव्हा मात्र तो कासावीस झाला. दादा यादीत दिसायला हवा होता. फक्त त्याचा आवाज दुकानात नको होता. शोधता शोधता त्याला मी सापडले. चित्र आणणारी हीच, असं त्याने ठरवलं. मला तीनदा चिकटवलं, वर गिऱ्हाइकांनी दिल्यासारखे मनानेच पाच तारे लावले. मला लाज वाटली, पण मला कोण विचारतो?

"वहिनी, चिठ्ठी तपासणाऱ्या साइटवर सगळं हिरवं येतंय. तरी चित्र येत नाही. हे शोधयंत्रच बिघडलंय."

वहिनी बॉबिन भरत होती. "हिरवं म्हणजे चिठ्ठीची मांडणी बरोबर. ती खरी आहे, असं नाही. व्हिडिओ आहे म्हणतोस ना? मग पानावर दाखव मला."

"पानावर ठेवला तर ऐकावा लागेल."

"ऐकू की. माझ्या फोनमध्ये आहे तो, मी रोज ऐकते. तुला कळू नये म्हणून मशीन चालू ठेवते, इतकंच."

धाकट्याने हातातला स्क्रू खाली ठेवला. मग त्याने व्हिडिओ होता तिथे, पानाच्या अगदी वर परत ठेवला. माझ्या जादा प्रती आणि खोटे तारे पुसले. व्हिडिओ लावला, तसा त्यातला दादा म्हणाला, "आधी सुई वर घ्या, मग मला शिव्या द्या." धाकटा हसला आणि हसता हसताच रडला.

"आता येईल ना चित्र?"

"हक्काने मागता येत नाही रे. सगळं बरोबर असलं तरी दाखवायचं की नाही, ते शोधयंत्र ठरवतं. आपण खरं तेवढं ठेवायचं."

तीन आठवडे काहीच नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी यादीत व्हिडिओचं चित्र आलं: दादाचा तेलकट अंगठा, खाली सहा मिनिटं. धाकटा दुकान तसंच उघडं टाकून फोन नाचवत रस्ताभर धावला. "दादा आला बघा, पहिल्या ओळीत!" वहिनीने त्या दिवशी मशीन बंद ठेवून, आवाज मोठा करून ऐकलं.

तुमच्याही पानात माझी एखादी बहीण असेल. तिला जे नाही ते बोलायला लावू नका. मी आज पुन्हा पूर्वीएवढीच लहान आहे, पण माझी मान ताठ आहे. मी म्हणते, "इथे एक माणूस शिकवतोय." शोधयंत्र आत येऊन पाहतं, तर तो खरोखरच शिकवत असतो.