बाजेखालचा घुमारा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर, आणि तोही एकटा. आम्ही असतो जोडीनं. माझा जोडीदार कुठं गेला, तेच सांगायला बसलोय.

चौऱ्याऐंशी साली पालीजवळच्या एका वाडीत सदू सुतारानं आमच्या पेट्या केल्या. एकाच फणसाच्या फळ्या, एकाच हातानं घासलेल्या. आतलं सामान आमच्या मालकानं, केरूनं, मुंबईची नोकरी सुटली तेव्हा येताना आणलेलं. जोडीदाराला दारापाशी ठेवलं, मला कोपऱ्यात. तिथं केरूच्या बायकोची, राहीची बाज होती, आणि बाजेवर बारा दिवसांची पोर.

पहिल्या दिवशी वाडी गोळा झाली, वाहवा झाली. पण कॅसेटमधली ढोलकी लागली की जोडीदार नेटकं बोलायचा आणि मी घुमायचो, रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलावं तसा. पोर दचकायची. केरूनं माझ्या पोटात काथ्या कोंबला, खाली विटा लावल्या, भिंतीपासून पुढं ओढलं. घुमणं कमी होईना, उलट दिवसागणिक वाढलं. आणि मला कळत होतं ते सांगता येत नव्हतं. तो आवाज माझा नव्हता. मी ठोका टाकायचो, आणि खालून कुणीतरी तो परत द्यायचं.

शेवटी केरूनं सदूला बोलावून सुनावलं, की एक पेटी मन लावून केलीस नि दुसरी उरकलीस. सदूला ते लागलं. पण तो भांडला नाही. त्यानं आमच्या जागा बदलल्या. मी दारापाशी आलो, जोडीदार कोपऱ्यात. तीच कॅसेट लावली. मी नेटका वाजलो. जोडीदार घुमला.

"पेटी नाय घुमत, केरू," सदू म्हणाला. "तुझी भुई घुमतेय."

त्यानं बाजेखाली हातोडीचा दांडा आपटला. सारवणाचा पोपडा खाली गेला तो गेलाच. केरूची आई तुळसा चुलीपासून उठून आली. तिचा चेहरा उतरला होता.

"थितं हीर हाय," ती म्हणाली. "सासऱ्यांनी ऐनाचे वासे टाकून झाकली."

विहीर बुजवली तर पाप लागतं, म्हणून घर वाढवताना म्हाताऱ्यानं ती नुसती झाकली होती. घराखाली विहीर म्हटल्यावर सोयरीक कोण जोडणार, म्हणून सुनेला गप्प राहायला सांगितलं. वासे शंभर वर्षं टिकतील, असंही सांगितलं. वाळवीला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

"आये, आता सांगतंस?" केरू एवढंच बोलला. त्यानं पोर उचलली, राहीला हाताला धरून अंगणात नेलं. सदू नि तुळसाही मागोमाग निघाले. कॅसेट बंद करायचं भान कुणाला नव्हतं. ढोलकीचा पुढचा ठोका पडला आणि कोपरा खाली गेला. बाज गेली, जोडीदार गेला. तारेनं धरलं तेवढा वेळ तो अंधारातून वाजत राहिला. मग तार तुटली.

केरूनं विहीर उघडीच ठेवली, भोवती चिऱ्याचा कठडा घातला. त्या खोलीत आता कुणी निजत नाही. मी पडवीत असतो, एका बाजूचंच गाणं वाजवतो.

मित्रांनो, घरातली वस्तू वेगळा आवाज काढायला लागली तर तिला बदडू नका. उचलून दुसरीकडं ठेवा नि पुन्हा ऐका. आवाज तिच्याबरोबर आला, तर तिला दुरुस्त करा. जागेवरच राहिला, तर आधी पोरंबाळं बाहेर काढा.